सतलज गच्च फुललं, काला अमृतसरी आधीच आटोपला

मंडळी, जरा राग निवळू दिला आणि मग लिहायला बसलो. आपलं सतलज पर्पल जातीचं प्लमचं झाड यंदा पहिल्यांदा बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरंशुभ्र फुललंय, आणि शेजारचा काला अमृतसरी, म्हणजे प्लमचीच दुसरी जात? पाकळ्या कधीच झडल्या, पठ्ठ्या पालवी काढून मोकळा. सतलज स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, जोडीला काला लागतोच, हे आपल्यात नव्याने सांगायला नको. सातेरी मधमाश्या दिवसभर घोंघावतायत पण त्या तरी काय करणार, सतलजचंच सतलजला.

झाडांना विश्रांती मिळून बहार यावा म्हणून दोघांचं पाणी सोबत तोडलं, पानंही एकदमच हाताने ओरबाडली, तरी काला पटकन उठला आणि सतलज लोळत पडलं. कारण थंडीच, म्हणजे ती पुरेशी न मिळणं. निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात मथळा येतो आणि आपण खुश, पण तो पहाटेचा आकडा झाला, प्लमला लागणारी थंडी मोजतात ती ७.२ अंशांच्या खालच्या तासांत, आणि ते मोजायला गेलं तर इकडे नाशिकच्या मखमलाबाद बाजूला ते फारसे जमतच नाहीत, वर दुपारी २८-३० झालं की रात्री कमावलेलं दुपारी खर्च. काल्याचं एवढ्यात भागतं, सतलजचं नाही भागत असं निदान माझ्या बागेत तरी दिसतंय.

शेजारचे द्राक्षवाले काका म्हणाले, पेस्ट मार ना, ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही मारतोच की. म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, झोपलेल्या कळ्या लवकर फोडणारं रसायन. प्लमवर चालतं, पण द्राक्षाचं प्रमाण उचलून लावायचं नाही, खूप सौम्य लागतं आणि फुलायच्या निदान महिनाभर आधी, उशीर झाला तर फुलकळीच जळते. हातमोजे, गॉगल आलेच, आणि त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला हात लावायचा नाही, हे गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच जीवावर बेतू शकतं. दुसरा सल्ला आला डाळिंबवाल्या मित्राचा, इथरेल मारून पानगळ कर म्हणे. डाळिंबाला ठीक, पण प्लम-पीचला इथरेलने डिंक सुटतो, आणि आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात आधीच डिंकाने जीव नकोसा केलेला असतो. मी हातानेच पानं काढणार, बोटं हिरवी झाली तरी चालतील.

तर आधी ठरवलं होतं की पुढच्या हंगामात फक्त सतलजला पेस्ट करायची आणि त्याचा बहार लवकर आणायचा. पण हे टाईप करता करताच सुचलं, सतलजला कशाला छेडा, काल्याचीच पानगळ हप्त्याहप्त्याने करू की! दक्षिणेकडच्या फांद्या आधी, मग पंधरा दिवसांनी मधल्या, मग उरलेल्या. बहार लांबला की कुठला तरी हप्ता सतलजला गाठणारच. पेस्टचा खर्च नाही, धोका नाही. शिवाय काल्याच्या दोन काड्या थेट सतलजवरच कलम करून टाकतो, जागा पण वाचते.

आता चांगली बातमी. काला फुलात होता तेव्हा जर्दाळूशी संकर करायच्या प्रयोगासाठी थोडे पराग काढून सिलिका जेलसोबत डबीत घालून फ्रीजरला टाकले होते (घरात मटारच्या पिशवीखाली, बायकोने दोनदा विचारलं हे काय). साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक अॅसिड टाकून त्यात सोडले, मुलाच्या मायक्रोस्कोपखाली बघितलं तर काही तासांत बारीक नळ्या फुटलेल्या! लगेच चित्रकलेचा ब्रश घेऊन सतलजच्या एका फांदीवर फिरवला. बाकी झाडावरची फुलं देठासकट गळतायत, बोट लावलं की पडतात, आणि त्या फांदीवर ज्वारीएवढे हिरवे मणी घट्ट बसलेत. कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

काला × जर्दाळूच्या बिया फ्रीजमधल्या ओल्या कोकोपीटमधून बाहेर काढल्या, एक रोप जोरात आहे. पान काल्यापेक्षा रुंद, देठ लालसर. पण काला थोडाफार स्वतःवरही धरतो, कळी फुगल्यावर पुंकेसर खुडले होते तरी खात्री फुलं-फळं आल्यावरच. अमेरिकन पैदासकार बरबँकचा प्लमकॉट काय किंवा झायगरचा प्लुओट काय (दोन्ही प्लम-जर्दाळूचेच संकर), ढिगाने रोपं उपटून टाकल्यावरच एखादं हाती लागलं, आपल्याकडे तर ढीगही नाही.

खरेदीचं म्हणाल तर ऑनलाइन 'लो चिल प्लम' (कमी थंडीत भागणारं) म्हणून घेतलेलं एक रोप सरळसरळ पीच निघालं, पानावरूनच कळतं, नाव नाही घेत. कलमाची टेप मात्र द्राक्षवाले वापरतात तीच घ्या, कुठल्याही कृषी केंद्रात मिळते, महागडी मागवायची गरज नाही.

काल्याच्या काड्या माझ्याकडे आता पालवीत गेल्यात. पंजाब किंवा हिमाचलकडे कुणाचं झाड अजून झोपलेलं असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार काड्या पाठवा, पण ओल्या कागदात गुंडाळून वरून प्लास्टिक घट्ट बांधा, मागच्या वेळी आलेल्या चुलीत घालायच्या लायकीच्या होत्या.