स्लॅबमधली छिद्रे आणि त्यांची साखळी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये टाकलेला स्लॅब पहिल्याच पावसात पाझरू लागला, की अनुभवी मिस्त्री दोनच गोष्टी विचारतात : माल किती पातळ होता आणि पाणी किती दिवस मारले. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र बहुधा एकूण सच्छिद्रतेचा आकडा देऊन मोकळा होतो. पाझर समजायला तो पुरत नाही, कारण पाणी वाट काढते ते एकमेकांना जोडलेल्या छिद्रांतून.

पॉवर्स, कोपलँड आणि मान या संशोधकांनी १९५९ साली दाखवले, की सिमेंट सतत ओले ठेवल्यास पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन) ०.४० असताना केशछिद्रांची, म्हणजे सिमेंटमधल्या अतिसूक्ष्म छिद्रांची, साखळी सुमारे ३ दिवसांत तुटते, ०.५० असताना १४ दिवस आणि ०.६० असताना सहा महिने लागतात, ०.७० च्या वर ती तुटतच नाही. मिक्सरमध्ये सहज ओतलेली जादा बादली या आकड्यांसमोर ठेवून पाहावी. कोरड्या, उष्ण हवेसाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओले ठेवणे, सांगते, आणि आपल्याकडे स्लॅबवर वाफे करून भरलेले पाणी उन्हात भराभर आटते.

छिद्रांत दाबाने पारा शिरवून केलेल्या चाचणीत ही साखळी नीट उमगत नाही. तिथे मोजले जाते ते छिद्रात शिरण्याचे तोंड. आतली पोकळी घागरीएवढी ऐसपैस असली तरी तिची नोंद गळ्याच्या मापाने होते. सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये नमुना क्ष-किरणांसमोर फिरवून शेकडो प्रतिमा घेतात व संगणकावर त्यांतून घनाकृती उभी करतात, त्यामुळे कोणते छिद्र कोणाला मिळते, हवेचे बुडबुडे कुठे आणि खडीलगतची फट कुठवर गेली, हे पाहता येते.

तरी रंगीत चित्राने हुरळून जाऊ नये. चित्राच्या रुंदीत २००० ठिपके असतील आणि प्रत्येक ठिपका एका मायक्रोमीटरचा हवा असेल, तर नमुना जेमतेम २ मिलिमीटरचा घ्यावा लागतो. त्यात २० मिलिमीटरची खडी कशी मावणार? शिवाय पुष्कळशी केशछिद्रे ठिपक्याहूनही लहान असल्याने निसटतात. कोणती करडी छटा पोकळी मानायची, ही सीमा किंचित सरकवली तरी तुटलेली साखळी जोडलेली दिसू शकते. म्हणून अहवाल हाती आला की मी आधी ठिपक्याचे माप, ती सीमा ठरवण्याची रीत आणि नमुना कसा वाळवला हे वाचतो, कारण ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवलेल्या तुकड्यातले काही तडे मूळ स्लॅबमध्ये नसतातच.