99 डेसिबलचा षड्ज

तानपुरा आणि सिंथसायझर घेऊन ड्रोन, म्हणजे एकच स्वर अखंड लावून ठेवणारं संगीत, जर्मनीत वाजवायचं तर आधी आवाजाचा नियम. तिथे मैफिलींच्या आवाजासाठी डीआयएन 15905-5 नावाचं मानक आहे. श्रोते जाऊ शकतात त्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी सलग 30 मिनिटांची सरासरी 99 डेसिबलच्या वर जाता कामा नये. 95 ओलांडणार असेल तर कानात घालायला बोळे ठेवायचे. आपल्याकडे कागदावरचा नियम याहून कडक, वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45. विसर्जनाच्या रात्रीबद्दल काय बोलायचं!

पण जर्मनीतला नियमही थांबून थांबून वाजवणाऱ्यांच्या सोयीचा. रॉकवाले दोन गाण्यांमध्ये पाणी पितात, टाळ्या घेतात. अर्धा वेळ शांतता असली तर सरासरी 3 डेसिबलने उतरते. ड्रोनमध्ये 40 मिनिटं तोच षड्ज, त्याला विसावा कुठला? सरासरी 99 म्हणजे सतत 99. म्हणून 95-96 वरच थांबावं. एक पळवाट आहे: मोजणी ए-वेटेड, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेली असते, त्यात 63 हर्ट्झचा स्वर 26 डेसिबलने कमी धरला जातो. खर्ज वाढवा, वरचे स्वर आवरा. छाती थरथरते, मीटर गप्प.

तानपुरा आणि सिंथ एकत्र लावताना खरी गंमत पंचमाची. पांढरी एकचा षड्ज 130.8 हर्ट्झ, त्याचा तिसरा स्वयंभू स्वर (मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट) 392.4. कीबोर्डचा पंचम 196.0, त्याची दुप्पट 392.0. दोन्ही भिडले की दर सव्वादोन सेकंदांनी एक लाट येते. हवी तर ठेवा, नको तर सिंथचा पंचम 2 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढवा. सिंथमधला स्वर निर्माण करणारा अ‍ॅनालॉग ऑसिलेटर अर्धा तास तापू द्या, नाहीतर तो सरकत राहतो. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. तेव्हा सिंथ तारांमागे न्यावा, उलट केलं तर घोडीवरच्या दोऱ्यांचा जीव पुन्हा लावत बसावं लागतं.

तानपुऱ्याच्या तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटावर) चिकटवलेला पिएझो (कंपनं टिपणारा पिकअप) थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडलात तर खर्ज गायब. त्याला 1 मेगओहम इनपुट रोधाचा प्रीअ‍ॅम्प लागतो. आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) तानपुऱ्याच्या पाठीमागे नको. भोपळा स्वतःच्याच स्वरात घुमायला लागतो. मग मिक्सरवर त्या स्वराचीच अरुंद पट्टी कापायची, सगळा खर्ज नाही.

न्यूयॉर्कच्या ड्रीम हाउसमध्ये, म्हणजे अखंड स्वर आणि प्रकाशाच्या कलादालनात, मान हलवली की ऐकू येणारा स्वर बदलतो. ते उभारणाऱ्या ला माँट यंग यांचे गुरू किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, याचा अभिमान आहेच. आपण मात्र तानपुरा गायकाच्या मागे बसवला आणि पुढे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये. अर्थात, मिरजेचा भोपळा विमानाच्या सामानात टाकायची हिंमत कोण करणार? बर्लिनमध्येही निम्मं काम मोबाइलच करतो.