तुम्ही विचारलंत म्हणून: त्या साखळीविषयी

"त्या एवढ्याशा पर्समध्ये आणि त्या इवल्याशा घड्याळात असं असतं तरी काय? नावाचेच पैसे ना?" मी चामड्याच्या पिशव्या शिवायला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बहुतेकांच्या मनात शानेलची चौकटीच्या टाक्यांची पर्स असते, आणि तिच्याच साखळीत ओवल्यासारखं दिसणारं 'प्रीमियेर' घड्याळ.

नावाचे पैसे असतात, हे आधीच सांगते. गेल्या काही वर्षांत या फॅशन हाउसने पर्सच्या किमती पुन्हा पुन्हा वाढवल्या, आणि त्या प्रमाणात कारागिरी वाढलेली मला तरी दिसली नाही. तरीही या दोन वस्तूंकडे मी परत परत वळते, ती त्या साखळीसाठी.

फेब्रुवारी १९५५मध्ये ही पर्स आली, म्हणून तिचं नाव २.५५. त्या काळात नीटनेटक्या बाईची पर्स हातात धरायची किंवा कोपरावर अडकवायची असे. म्हणजे एक हात कायमचा अडकलेला. दार उघडायचं, पेला धरायचा, कोणाशी हात मिळवायचा, सगळं उरलेल्या एका हाताने. हे फॅशन हाउस काढणारी गॅब्रिएल शानेल तेव्हा ७१ वर्षांची होती. पर्स हातात वागवायचा तिला कंटाळा होता आणि ती कुठेतरी विसरून राहते ही तिची तक्रार होती. सैनिकांच्या खांद्यावरच्या पिशव्यांवरून सुचलेली पट्ट्याची पर्स तिने १९२०च्या दशकाच्या अखेरीस करून पाहिली होती. २.५५मध्ये तिने पट्ट्याच्या जागी साखळी घातली.

पट्टा का नाही, साखळी का? पिशव्या शिवणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं. चामड्याचा अरुंद पट्टा वजनाने ताणला जातो, कडांना भेगा पडतात, आणि नाजूक पर्सवर जाड पट्टा शोभत नाही. साखळी ताणत नाही. शिवाय ती झाकणाखालच्या भोकांतून सरकते: दुहेरी केली तर पर्स काखेपाशी बसते, एकेरी ओढली तर कमरेपर्यंत लोंबते. बकल नाही, शिवण नाही, तुटायला काही नाही. साखळीच्या वजनाचा उपयोग तर तिला आधीपासूनच ठाऊक होता. तिच्या जॅकेटांच्या खालच्या काठाला आतून बारीक साखळी शिवलेली असे, कापड सरळ पडावं म्हणून. ती कोणाला दिसत नसे. पर्सवर तीच युक्ती उघड्यावर आली, एवढंच.

आई वारल्यावर शानेल फ्रान्समधल्या ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात वाढली. तिथल्या जोगिणींच्या कमरेला किल्ल्या साखळीने लटकत, त्यावरून ही साखळी आली असं सांगतात. पर्सचं गडद लाल अस्तर म्हणजे तिथल्या गणवेशाचा रंग, आणि झाकणाच्या आतला झिपचा छोटा कप्पा प्रेमपत्रांसाठी, असंही सांगतात. या गोष्टी ऐकायला मला आवडतात, पण मी त्यांवर फारसा भार देत नाही. अस्तराचा मला पटणारा उपयोग वेगळा आहे: काळ्या अस्तरात काळी वस्तू सापडत नाही, लाल अस्तरात सापडते.

आता त्या चौकटींविषयी, कारण खरी मेहनत तिथे आहे. कोकराचं चामडं मऊ असतं आणि मऊ असल्यामुळेच बेइमान असतं. वापरलं की सैल पडतं. आतून पातळ थर लावून तिरप्या रेघांनी शिवलं की प्रत्येक चौकट आपापला तुकडा धरून ठेवते. घोडेस्वारांच्या रजईदार कोटांवरून ही शिवण आली असं म्हणतात. मी शिकत असताना अशी पर्स करून पाहिली होती. समोरचा भाग छान झाला. झाकण खाली आणलं तर त्यावरच्या रेघा खालच्या रेघांना अर्ध्या टाक्याने चुकल्या. अर्धाच टाका, पण डोळा तिथेच जाऊन अडकायचा. कारण असं की शिवताना चामडं आक्रसतं, आणि प्रत्येक तुकडा वेगळा आक्रसतो. म्हणून आधी मोठा तुकडा शिवायचा, मग त्यातून आकार कापायचा, आणि कापताना रेघ मोजायची. हे कळायला माझे चार तुकडे वाया गेले. अस्सल पर्स झाकून ठेवा, रेघ झाकणावरून अंगावर न तुटता उतरते. मागचा कप्पा, ज्याच्या वळणाला मोनालिसाचं हसू म्हणतात, त्याच्यावरूनही ती तशीच पार जाते.

एक गोष्ट मला खुपते, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाझींनी पॅरिस व्यापलं असताना शानेल एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर राहत होती, आणि ज्यूंच्या मालमत्ता हिरावणाऱ्या कायद्यांचा आधार घेऊन आपल्या अत्तराच्या कंपनीतले ज्यू भागीदार, वेर्थाइमर बंधू, यांना बाहेर काढायचा प्रयत्न तिने केला. तो फसला. आणि १९५४मध्ये तिने बंद पडलेलं फॅशन हाउस पुन्हा उघडलं ते त्याच वेर्थाइमरांच्या पैशावर. म्हणजे ही पर्स जन्माला आली ती तिने ज्यांचं नुकसान करू पाहिलं त्यांच्या भांडवलातून. पर्सचं कौतुक करताना मी हे विसरत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही विसरू देत नाही.

शानेल १९७१मध्ये वारली. १९८३मध्ये तिच्या जागी कार्ल लागरफेल्ड हा रचनाकार आला. त्याने चौकोनी साध्या कुलपाच्या जागी एकमेकांत अडकलेले दोन 'सी' आणले आणि साखळीच्या कड्यांतून चामड्याची पट्टी ओवलेली पर्स घराघरात ओळखीची केली. मला जुनं कुलूप जास्त आवडतं. ते ओरडून नाव सांगत नाही.

त्यानंतर १९८७मध्ये घड्याळ आलं. या फॅशन हाउसचं पहिलंच घड्याळ, म्हणून नाव 'प्रीमियेर', म्हणजे फ्रेंचमध्ये 'पहिली'. रचनाकार जाक एल्यू. त्याने घड्याळजीच्या बाजूने विचारच केला नाही. तबकडी काळी, त्यावर आकडे नाहीत, सेकंदाचा काटा नाही, तारीख नाही. फक्त दोन काटे. आकार म्हणजे कोपरे छाटलेला आयत. शानेलच्या 'नंबर पाच' अत्तराच्या बाटलीचं बूच असंच आहे, आणि पॅरिसचा प्लास वांदोम हा चौकही वरून असाच दिसतो. रिट्झ हॉटेलचा दर्शनी भाग त्याच चौकावर आहे आणि मागचं दार रु कांबों या रस्त्याकडे. शानेल हॉटेलात झोपायची आणि रस्ता ओलांडून ३१ नंबरच्या घरात कामाला जायची. आणि पट्टा? चामडं ओवलेली तीच साखळी.

आत क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, यंत्र आहे म्हणून घड्याळांचे शौकीन नाक मुरडतात. मला तो आक्षेप लागू वाटत नाही. मनगटी घड्याळं रूढ होण्याआधी युरोपात बायकांचं घड्याळ किल्ल्या-कात्रीबरोबर कमरेच्या साखळीलाच लटकत असे. 'प्रीमियेर' त्या घराण्यातलं आहे: आधी दागिना, मग वेळ. २०२२मध्ये ते जवळजवळ जसंच्या तसं पुन्हा काढलं, आणि आकडे तेव्हाही घातले नाहीत.

घ्यायचीच झाली तर मी जुनी पर्स बघायला सांगते. झाकण लावा आणि रेघ बोटाने वरून खाली न्या. साखळीतलं चामडं खांद्याला लागतं तिथे घामाने कडक झालंय का ते चाचपा. घड्याळ असेल तर मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या घड्याळात सेल पाझरलेला असला तर यंत्र गेलेलं असतं, मग बाहेरून ते कितीही चमको.