फोटोवरून हवामान : वाईपासून कोरोमंडलपर्यंतच्या नोंदी

नाव झाकलेला फोटो घ्यायचा. झाडं, माती आणि डोंगराचा उतार बघून तिथला पाऊस, थंडी, उन्हाळा लिहून काढायचा आणि मग त्या ठिकाणच्या सरासरी आकड्यांशी ताडून बघायचा, हा आपला खेळ. यंदा मी त्यात एक बदल केला. वर्षाचा एकूण पाऊस ओळखण्याचा नाद सोडला आणि कोरडे महिने किती, हा आकडा आधी लिहायला लागले. तेव्हापासून अंदाज बरेच जवळ यायला लागलेत. हे कसं जमतंय ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हालाही करून बघता येईल.

सरावाला वाई-महाबळेश्वरसारखा रस्ता नाही. वाई सुमारे ७०० मीटरवर. पसरणीचा घाट चढलं की पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, आणि महाबळेश्वर त्याहून थोडंसंच उंच. म्हणजे वरच्या दोन्ही गावांची उंची आणि थंडी जवळपास सारखी. पाऊस मात्र महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात, आणि वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. खाली वाईत तर हजाराच्याही आत. उंची तीच ठेवून फक्त पाऊस बदलून दाखवणारी इतकी स्वच्छ जागा मला दुसरी माहीत नाही.

इथे मी आधी खोडं बघते, पानं नंतर. महाबळेश्वरच्या जंगलात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही मंडळी असतात, आणि त्यांच्या खोडाफांद्यांवर शेवाळ, दगडफूल, नेचे, आमरी (ऑर्किड) अशी दुसरी वस्ती असते. पावसाळाभर ढगात बुडालेल्या जागेची ही खूण भर मे महिन्यातही पुसली जात नाही. नेचा सुकून तपकिरी झालेला असतो, पण असतो. पाचगणीकडे यावं तशी खोडं उघडी पडत जातात. पसरणीच्या उतारांवर एप्रिलात वाळलेलं गवत आणि निष्पर्ण झुडपंच जास्त. वाईत उतरलं की पुन्हा हिरवंगार, पण तो ऊस आहे आणि त्यामागे धोम धरणाचं पाणी आहे. नदीकाठची हिरवळ मी हवामानाच्या हिशोबात धरतच नाही. तिच्या वरचा डोंगर काय म्हणतो ते बघते.

तसंच पूर्वेला कोरेगाव, पुसेगाव करत माणदेशात जा. बाभूळ, बोर, हिवर, निवडुंग, आणि पिवळ्या फुलांचा तरवड. तरवड ही माझी आवडती खूण, मात्र ती दुहेरी आहे. कोरड्या हवेत तो तगतो हे खरंच, पण शेळ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत म्हणूनही तो माजतो. नुसता तरवड दिसला तर पाऊस कमी म्हणायचं की चराई जास्त? अशा वेळी मी माती बघते. शेताच्या कडेला किंवा ओढ्याच्या काठाला चुनखडीचे पांढरे खडे दिसले की शंका मिटते. जिथे पाऊस भरपूर, तिथे चुना पाण्याबरोबर वाहून जातो, साठून राहत नाही. याचं दुसरं टोक म्हणजे महाबळेश्वरचा जांभा. हा तांबडा दगड मूळचा सह्याद्रीचा काळा कातळच, पण झिरपत्या पाण्याने त्यातलं विरघळण्याजोगं बहुतेक सगळं नेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे राहिलं. फक्त जांभा बनायला फार मोठा काळ लागतो, त्यामुळे तो आजच्या पावसापेक्षा फार जुन्या पावसाबद्दल बोलत असतो. पाचगणीच्या टेबललँडवरही जांभाच आहे, हे त्यासाठी लक्षात ठेवायचं.

आता मुख्य मुद्दा. साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस म्हटल्यावर आकाशाला टेकलेलं जंगल हवं, पण महाबळेश्वरची झाडं बुटकी आहेत. वारा आणि उथळ माती ही कारणं आहेतच. पण तिथला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि पुढचे सात-आठ महिने झाडाला जमिनीतल्या ओलीवर काढायचे असतात, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेकडे जावं तसे कोरडे महिने कमी होत जातात, आणि एकूण पाऊस तितकाच किंवा कमी असूनही जंगल उंच आणि जास्त सदाहरित होत जातं.

कोपेन या हवामानशास्त्रज्ञाने जगातल्या हवामानाचे प्रकार पाडून प्रत्येकाला अक्षरांचा कोड दिला. त्याच्या वर्गीकरणात कोरड्या महिन्यांचा हा फरक हरवतो. कोपेनने हवामानाच्या सीमा मुळात वनस्पतींकडे बघूनच आखल्या, म्हणून मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. पण त्याच्या मोसमी प्रकाराचं सूत्र असं आहे की उष्ण प्रदेशात वर्षाचा पाऊस २५०० मिलिमीटरच्या वर गेला की कोरडा महिना कितीही कोरडा असला तरी चालतो. त्यामुळे रत्नागिरी आणि कोची एकाच खान्यात. कोचीत एप्रिल-मेमध्ये वळीव चांगला पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पाऊस असतो. रत्नागिरीत तेव्हा कातळ तापलेला असतो. फोटोत हा फरक पटकन दिसतो, अक्षरांच्या कोडमध्ये दिसत नाही. म्हणून मी आता अंदाज लिहिताना कोड शेवटी टाकते.

यंदाचा सगळ्यात मोठा आनंद अंजनीने दिला. जाड, चकचकीत पानांची, उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडणारी महाबळेश्वरची अंजनी. हीच जात तमिळनाडूत कोरोमंडल किनाऱ्यालगतच्या सदाहरित झुडपी जंगलातही आहे. तिथे पाऊस हजार-बाराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्या पाव हिश्श्याहूनही कमी, आणि जंगल तरीही वर्षभर हिरवं! तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, पण त्याआधी जून ते सप्टेंबरातही मधूनमधून सरी येतात. थोडा पाऊस, पण जास्त महिन्यांत वाटलेला. म्हणून एकट्या झाडावरून निकाल द्यायचा नाही, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघायचं. कोरोमंडलात अंजनीजवळ रायण, काटेरी झुडपं आणि लाल-वाळूची जमीन. महाबळेश्वरात पिसा आणि नेचे.

फसव्या खुणांची यादी मी वेगळी ठेवली आहे. सिल्व्हर ओक, निलगिरी, ग्लिरिसिडिया ही लावलेली झाडं. ती माणसाची आवड सांगतात, हवा नाही. घाटमाथ्यावरचे उघडे गवताळ उतारही बऱ्याचदा वणवा, चराई आणि तोड यांनी झालेले असतात. अशा फोटोत कुठे देवराईचा तुकडा दिसला तर तो सोनं समजा. कुऱ्हाड लागली नाही तर तिथली हवा काय वाढवू शकते ते त्या तुकड्यातच कळतं. उघड्या टेकडीला बघून माणदेश म्हणावंसं वाटतं, आणि कोपऱ्यातली दाट देवराई सांगते की हे मावळ आहे.

पुढचं काम आंबोलीपासून दक्षिणेला, कोरडे महिने घटताना जंगल नेमकं कुठे बदलायला लागतं ते फोटोंवरून बघण्याचं. तुमच्याकडे त्या पट्ट्यातले फोटो असतील तर एप्रिल-मेचे द्या. ऑगस्टात सगळा महाराष्ट्र एकसारखा हिरवा असतो आणि त्यातून काहीच वेगळं काढता येत नाही. खोडं आणि पायाखालची माती चौकटीत येऊ द्या, आणि ठिकाणाचं नाव मी अंदाज लिहीपर्यंत झाकूनच ठेवा.