अ‍ॅस्टेरियास बियांपासून वाढवला त्याची गोष्ट

अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास पाहिलाय का कधी? कॅक्टस असून एक काटा नाही. चपटा गोल, सोललेल्या संत्र्यासारख्या साधारण 8 फाका आणि प्रत्येक फाकेच्या मधोमध पांढऱ्या लोकरीच्या ठिपक्यांची रांग. मूळचा टेक्सासच्या दक्षिण टोकाचा आणि शेजारच्या मेक्सिकोतला, तामाउलिपास वगैरे भागातला. तिकडे दुष्काळात हा आकसून जमिनीत बसतो आणि वरून धूळ आली की दिसतच नाही म्हणे. अमेरिकेत 1993 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्यासारखेच शौकीन लोक, जे रानातून उपटून नेतात, त्यामुळे घेताना बियांपासून केलेलाच घ्यायचा एवढं पक्कं होतं.

तर पहिला मी मारला. सरळ सांगते. वरून मस्त टवटवीत दिसत होता म्हणून थंडीतही दर आठवड्याला पाणी घालत राहिले, माती पण कोकोपीटवाली (नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवणारा), आणि एक दिवस बोटाने जरा हलवला तर अख्खा हातातच आला, खालून सगळा तपकिरी लगदा. हा सडतो तो खालून, वर कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

बरं, याला बाजूला पिल्लंही सहसा येत नाहीत की एक काढून लावलं. म्हणजे बिया. 30 बिया मागवल्या. बी बघण्यासारखं असतं, काळपट तपकिरी, चकचकीत, टोपी उलटी ठेवल्यासारखं पोकळ, पाण्यात टाकलं तर तरंगतं. ताजं असेल तर भराभर उगवतं, जुनं झालं की भरवसा नाही. खरखरीत वाळू, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि थोडी चाळलेली माती असं मिश्रण मायक्रोवेव्हमध्ये तापवून घेतलं, उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवलं, बिया नुसत्या वर ठेवल्या (पुरायच्या नाहीत, त्यांना उजेड लागतो) आणि झाकणाच्या पारदर्शक डब्यात बंद. तिसऱ्या दिवशी हिरवे मणी! 26 उगवले, मी हवेत.

मग हौसेने रोज झाकण उघडून बघायला लागले. तिथेच घोळ झाला. बाहेरची बुरशी आत गेली आणि एका कोपऱ्यातली रोपं रात्रीत पारदर्शक होऊन आडवी पडली, मग शेजारची, मग त्याच्या शेजारची. बुरशीनाशक फवारलं तोपर्यंत 11 उरली होती. उरलेल्यांना हळूहळू हवेची सवय लावली, आधी झाकण जरासं तिरकं, मग दोन आठवड्यांनी पूर्ण काढलं. मध्येच ती लालसर व्हायला लागली म्हणून मी घाबरून जास्त पाणी दिलं (माझं सगळं औषध पाणीच!), पण तो तर जास्त उजेडाचा रंग होता, जरा आडोशाला सरकवल्यावर परत हिरवी झाली.

पाच महिन्यांनी मटाराएवढी होती. या वेगाने मी म्हातारी होईन म्हणून 4 रोपांचं ड्रॅगनफ्रूटच्या फांदीवर कलम केलं. ब्लेड स्पिरिटने पुसून दोन्हीकडे सपाट काप, दोन्हींच्या आत फिकट गोल रिंग दिसते, त्या रिंगा एकमेकींना कुठेतरी छेदल्या पाहिजेत, बरोबर मध्यावर बसवायचा हट्ट केला आणि रोपाची रिंग छोटी असेल तर ती मोठीच्या आतच राहते आणि जोड धरत नाही. माझं एक असंच वाळलं. बाकी 3 रबरबँडने दाबून आठवडाभर सावलीत ठेवली, काप कोरडा, पाणी लागू द्यायचं नाही.

कलमाची अक्षरशः फुगली. तिसऱ्या वर्षी कळ्या. पिवळं रेशमी फूल, घशात लालसर नारिंगी. पण एकटं फुललं तर उपयोग नाही, स्वतःच्याच परागाने सहसा बी धरत नाही, दोन वेगळी रोपं एकाच वेळी फुललेली हवीत. पहिल्यांदा एक आज फुललं, दुसरं चार दिवसांनी, झालं सगळं वाया. पुढच्या खेपेला दोन्ही एका दुपारी उघडली तेव्हा मऊ ब्रश घेऊन तीन-तीनदा इकडून तिकडे, घरातले हसत होते, हसू देत. महिन्याभराने लोकरी फळ वाळून फुटलं, आत बिया. माझ्या स्वतःच्या!

आणि कलम न केलेली, स्वतःच्या मुळांवरची सात? अजून शर्टाच्या बटणाएवढी. पाणी आता माती तळापर्यंत सुकल्यावरच, थंडीत जवळजवळ नाहीच. आकसली, चपटी झाली तरी हात आवरते. नव्या बिया काल डब्यात टाकल्यात आणि झाकणावर चिकटपट्टी लावून ठेवलीये, माझ्यासाठीच.