दुसऱ्यांदा उघडलेलं टॅपेट कव्हर

"पुन्हा ऑइल आलंय," काका गाडीतून उतरता उतरता म्हणाले, आणि मला बॉनेट उघडायचीही इच्छा होईना. दोनच महिन्यांपूर्वी टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या कव्हरचं, पॅकिंग आणि स्पार्क प्लग ज्यात बसतात त्या चारही नळ्यांची सील मी माझ्या हाताने बदलली होती.

गाडी जुनी, पण जपलेली. चढावर लोड आला की मिसिंग मारायची, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटायचा नाही. माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजने स्कॅनर लावला, पी-०३०३ कोड आला, म्हणून तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देते ती) आणि चारही प्लग बदलले. तीन आठवड्यांत मिसिंग परत. कोड एवढंच सांगतो की तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. का, ते बघायला कॉइल उपसून आत टॉर्च मारावा लागतो. तेवढे कष्ट हल्ली कोणी घेत नाही आणि गिऱ्हाइकाला नवी कॉइल विकून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग येतो.

मी कॉइल उपसली तेव्हा तिचं प्लगवर बसणारं रबरी बूट ऑइलमध्ये बुडालेलं होतं. फुगून इतकं मऊ झालं होतं की चिमटीत धरलं तर साबणासारखं निसटायचं. पुष्कळांना वाटतं ऑइलमुळे शॉर्ट होतं. पण ऑइलमधून वीज जात नाही. ते रबर खातं. रबर गेलं की वीस-तीस हजार व्होल्टचा करंट प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरूनच इंजिनच्या हेडकडे उडी मारतो. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते, ती त्याची वाट. ती पुसून काही उपयोग नाही. प्लग तीन आठवड्यांचा असला तरी टाकूनच द्यायचा.

आणि नळीत ऑइल असताना प्लग खोलायचा नाही, नाहीतर ते सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. मी सिरिंजला बारीक नळी लावून ऑइल ओढलं, फडक्याने टिपलं, प्लग अर्धा आटा सैल करून हवा मारली, मग काढला. जुनी सील वाकवली तर काडकन तुटली. कव्हर बसवताना सिलिकॉन फक्त जोडाच्या कोपऱ्यांवर, ठिपक्याएवढं. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, १० न्यूटन-मीटरच्या आसपास. जोर लावून आवळलं की पॅकिंग चिरडतं आणि गळती वाढते. एवढं सगळं करून गाडी दिली होती, म्हणून ती परत आली ते मला लागलं.

कव्हर पुन्हा उघडलं. सील अजून लवचिक, कड कुठेही फाटलेली नाही. मग दोष सीलचा नव्हताच. इंजिनच्या आत साठणारा गॅस बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतली गोळी खुळखुळायला हवी, तो मुका. एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा पाइप वाकवला तर आतून काळा चिकट गाळ बाहेर आला. पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटलेला गॅस या दोन वाटांनी बाहेर जातो. दोन्ही बंद, मग तो आतच कोंडतो आणि ऑइलला मिळेल त्या फटीतून ढकलतो. नवी सील तरी किती दिवस टिकणार?

व्हॉल्व्ह नवा टाकला, पाइप धुतला, सील पुन्हा बदलली, गाळ बघून ऑइलही बदललं. मजुरी घेतली नाही.

संध्याकाळी मागच्या वेळचं जॉबकार्ड काढलं. तक्रारीच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात: 'चालू गाडीत ऑइलचं झाकण उघडलं की फुस्स होतं.' काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी लिहून घेतलं आणि सरळ प्लगकडे वळलो. महिना होऊन गेला, पण ती ओळ डोक्यातून जात नाही.

परवा काका येऊन गेले. तीन नंबरच्या नळीत मी पांढरं फडकं घालून फिरवलं, कोरडं आलं. मग गाडी चालू ठेवून त्यांनी स्वतःच झाकण काढलं आणि तोंडावर तळवा धरला.

"आता फुंकत नाही," ते म्हणाले. "ओढतंय."