वरचा मजला की नवा फ्लॅट? आमचं घोडं बँकेत अडलं

घर वाढवा नाहीतर विका, दोन्हीसाठी मूळ खरेदीखत हातात लागतं. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण आमचे कित्येक महिने या एका कागदापायी गेले आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नाशिकच्या इंदिरानगरमधलं आमचं बैठं घर सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, नावावर आहे, १९९४ चं बांधकाम. दोन बेडरूम आणि माणसं पाच. मुलगी दहावीत गेल्यावर तिचा अभ्यास स्वयंपाकघरात सुरू झाला आणि मग रोज तोच विषय निघू लागला. नवरा फ्लॅटच्या बाजूने, मी वरच्या मजल्याच्या. आई म्हणायच्या, "तुमचं ठरू दे, मग मी बोलते."

पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, दोन्हीकडे फ्लॅट पाहिले. बिल्डरच्या ऑफिसात सांगतात तो एरिया सेलेबल असतो, म्हणजे भिंती, जिना, लॉबी यांचा वाटा धरून. तुमच्या पायाखाली येणार तो कार्पेट, आणि तो महारेराच्या साइटवर बघावा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के (परवडणाऱ्या घरांच्या गटात बसत असेल तर १ टक्का) जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतला तर लागत नाही. नदीच्या अंगाला एक फ्लॅट सगळ्यांना फार आवडला होता. आईंनी तिथल्या माणसाला एकच विचारलं, "२००८ च्या पुरात इथे पाणी कुठवर आलं होतं?" त्याला सांगता आलं नाही. नदीजवळ घर बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) कुठून जाते ते नगररचना विभागातून आधी काढून घ्या, रंग आणि टाइल्स नंतर बघा.

वरच्या मजल्याचा हिशेब सोपा निघाला. प्लॉट २०० चौरस मीटर, मूळ एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) १.१, म्हणजे २२० चौरस मीटर बांधता येतं. खाली जेमतेम १०० वापरलेले. आम्हाला पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घ्यायची गरजच नव्हती. ज्यांना आहे त्यांनी समोरचा रस्ता मोजावा. तो ९ मीटरच्या आत असेल तर प्रीमियम एफएसआय किंवा टीडीआर मिळत नाही.

आता बँक. बँकेचं नाव लिहीत नाही.

घराच्या मोठ्या दुरुस्तीसाठी या घरावर कर्ज काढलं होतं, ते २०२४ मध्ये पूर्ण फेडलं. नो ड्यूजचं पत्र लगेच मिळालं. खरेदीखताचं विचारलं तर, "मॅडम, फाइल सेंट्रलला असते, आली की फोन करतो." फोन काही आला नाही. मी गेले की साहेब मीटिंगमध्ये. साहेब भेटले की फाइल बघणारे रजेवर. दरम्यान घराला एक चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, ते कागद नाहीत म्हणून निघून गेलं. मजल्यासाठी दुसऱ्या बँकेत कर्जाचा अर्ज केला, तिथल्या वकिलानेही तेच मागितलं. आम्ही घरी बसून काहीही ठरवलं असतं तरी पुढे सरकता आलं नसतं.

मग एक दिवस शाखेतून सल्ला मिळाला, "दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढून घ्या ना, तुमचं काम होईल." नव्या बँकेचा वकील म्हणाला, नुसत्या प्रतीवर होणार नाही. मूळ दस्त हरवल्याचं जुन्या बँकेचं पत्र हवं, पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद हवी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हवी. जुनी बँक हरवलंय असं लिहून देईना आणि कागदही देईना. आई त्या दिवशी माझ्याबरोबर होत्या. त्या काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "या प्लॉटसाठी मी पाटल्या मोडल्या होत्या. माझा कागद कुठे आहे, तेवढं सांगा." कोणी वर बघून उत्तरही दिलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की आता तोंडी काही बोलायचं नाही.

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात घालून दिलेले नियम गृहकर्जासारखं वैयक्तिक कर्ज असलेल्या प्रत्येकाने छापून घरात ठेवावेत. धंद्याच्या कर्जाला ते नाहीत. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत मिळायचे आहेत त्यांना ते लागू आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि तारणाची नोंदही काढायची. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर दुसरी प्रत मिळवून द्यायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच करायचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. कागद कर्ज असलेल्या शाखेतून घ्यायचे की दुसऱ्या एखाद्या कार्यालयातून, हेही तुम्ही सांगायचं. यातलं एक अक्षर आम्हाला शाखेत कोणी सांगितलं नव्हतं.

मी अर्ज लिहिला, परिपत्रकाची तारीख टाकली आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही, तिन्ही. सोबत जोडली कागद जमा करतानाची यादी, तिच्यात तिसऱ्या ओळीत स्पष्ट होतं: मूळ खरेदीखत, नोंदणी पावती व सूची २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) सह. ती यादी आईंनी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती. ती नसती तर काय दिलं होतं इथपासून वाद झाला असता. ३० दिवसांत बँकेचं उत्तर नाही, म्हणून एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर तक्रार टाकली. फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर फोन करता येतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर तिथे दाद लागत नाही.

त्यानंतर मात्र बँकेचेच फोन यायला लागले. फाइल सापडली. शाखेत आईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी चष्मा लावून एकेक पान उलटलं, प्रत्येक पानावरची आपली सही बोटाने तपासली आणि मगच ताब्याच्या पावतीवर सही केली. उशिराची भरपाईही नियमाप्रमाणे खात्यात जमा झाली. माझ्या अर्जाने ती मिळाली याचा मला अभिमान आहे.

बाकी सगळं सुरळीत झालं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तुळशीजवळच्या कॉलमपाशी खड्डा खणवून फुटिंग टेपने मोजलं, खाली मुरूम चांगला लागला. गच्चीवर सोडलेल्या सळया गंजल्या होत्या, तेवढ्या तोडून नव्या जोडायला सांगितल्या. ही तपासणी आर्किटेक्टकडे नकाशा द्यायच्या आधी करून घ्या, पाया झेपणारा नसेल तर नकाशाचे पैसे वाया जातात. मंजुरी आली, नवीन बँकेचं कर्जही झालं. आई खालीच राहणार, जिना बाहेरून काढला. शेवटी त्या बोलल्या ते एवढंच: "मुलीची खोली पूर्वेला करा, सकाळचं ऊन येतं."

एक सांगायचं राहिलं. कागद मिळाले की सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि इतर हक्कांत जुन्या बँकेचा बोजा राहिलाय का ते बघा. सरसाईतली (तारणांची केंद्रीय नोंदवही) नोंदही काढल्याचं बँकेकडून लेखी घ्या. आमच्या उताऱ्यावर बोजा तसाच होता, तो कमी होईपर्यंत नव्या बँकेने पहिला हप्ता सोडला नाही.